पहिलं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल घरी आणताना : कपाट, चावी आणि रिकामं करण्याचा क्रम

मागच्या पावसाळ्यात रेंजवर एक गृहस्थ नवंकोरं पिस्तूल घेऊन आले. पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, मॅगझीन, म्हणजे काडतुसांचा सुटा डबा, काढून शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "रिकामंच आहे, सर." मी नळी वाळूच्या ढिगाकडे वळवली आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. एक पितळी काडतूस टणकन उडालं, टेबलावर आपटलं आणि फरशीवर घरंगळत त्यांच्याच बुटाशी जाऊन थांबलं. तासाभरापूर्वी ते पिस्तूल गाडीच्या मागच्या सीटवर होतं आणि शेजारी त्यांची दहा वर्षांची मुलगी बसली होती.

गृहस्थ बेफिकीर मुळीच नव्हते. कागदपत्रं चोख, पिस्तूल चकचकीत. मॅगझीन काढलं तरी एक राऊंड, म्हणजे काडतूस, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) राहू शकतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परवान्यासाठी आपण महिनोन् महिने खेटे घालतो आणि हत्यार हाताळायचं शिक्षण दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत उरकतो. नवशिक्यांच्या हातून अपघात होतात ते बहुतेक उचलताना, ठेवताना, पुसताना. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी लागली, तीही मुंबईतल्या स्वतःच्या घरी, स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून. म्हणून हा लेख नेम धरण्याबद्दल फार बोलत नाही. उचलण्या-ठेवण्याबद्दल बोलतो.

## १. अर्ज करण्याआधी घरात बसून बोला

अर्जदाराचं वय किमान २१ लागतं. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हाधिकारी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हाताळणीचं प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ही कागदपत्रं कुठे, कशी द्यायची ते कार्यालयात कळतं, त्यात मी वेळ घालवत नाही.

कार्यालयात कुणी विचारणार नाही असे प्रश्न मात्र आधी घरात विचारा. घरात कुणी दारूच्या आहारी गेलंय का? कुणी कर्जाच्या, आजारपणाच्या, परीक्षेच्या ताणाखाली खचलंय का? तुम्ही स्वतः? उत्तर हो असेल तर सध्या हत्यार घरात आणू नका. आधीच घेतलेलं असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या आणि दिवस बरे आले की परत आणा. खचलेल्या माणसाच्या हाताशी भरलेलं रिव्हॉल्वर असलं तर सावरायला वेळच मिळत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

## २. परवाना हातात आला की आधी तो वाचून काढा

बहुतेक जण फोटो आणि नाव बघतात आणि थेट दुकान गाठतात. थांबा. पेन घेऊन बसा आणि एवढ्या गोष्टी वहीत उतरवून घ्या : यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), हत्याराचा प्रकार आणि बोअर (नळीच्या आतलं माप), परवाना कोणत्या हद्दीत चालतो, मुदत कधी संपते, खरेदी कधीपर्यंत करायची, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतात आणि वर्षभरात किती घेता येतात. शेवटचे दोन आकडे वेगवेगळे असतात आणि हमखास घोळ त्यांच्यातच होतो. वर्षाचा आकडा शंभर आणि जवळ ठेवायचा पन्नास असेल, तर शंभर एकदम घेऊन कपाटात ठेवणं म्हणजे अटीचा भंग.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. वडिलांची जुनी बारा बोअर आपल्या नावावर आधीच असेल तर ती या दोनांत धरूनच हिशेब करा.

तपासा : परवान्यावरचं नाव, पत्ता आणि यूआयएन तुमच्या इतर कागदांशी जुळतं का? चूक असेल तर खरेदीआधी दुरुस्त करून घ्या.

## ३. कपाट आधी, हत्यार नंतर

"आज घेऊन येतो, लॉकरचं पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणाऱ्यांचं पिस्तूल तो आठवडाभर साड्यांच्या घडीखाली असतं. घरातल्या लहान मुलांना ती जागा दुसऱ्या दिवशी ठाऊक होते.

लोखंडी लॉकर घ्या आणि तो भिंतीत किंवा फरशीत बोल्टने घट्ट बसवा. सुटा लॉकर चोर अख्खाच उचलून नेतो. काडतुसांसाठी दुसरा कप्पा, दुसरं कुलूप, दुसरी चावी. गोदरेजच्या कपाटातल्या दागिन्यांच्या तिजोरीत हत्यार ठेवू नका. त्या तिजोरीची चावी कुठे असते हे सासूबाईंपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, आणि लग्नसराईत ती दिवसातून चारदा उघडते.

परवाना एका माणसाच्या नावावर असतो, म्हणून चावीही त्या एकाच माणसाकडे. देवघरातल्या खिळ्यावर, फ्रीजवरच्या डब्यात किंवा गाडीच्या चावीच्या जुडग्यात ती नको. आकड्यांचं कुलूप असेल तर मुलाचा वाढदिवस आणि गाडीचा नंबर सोडून तिसरं काहीतरी ठेवा.

सावध : उशीखाली, पलंगाच्या ड्रॉवरमध्ये किंवा गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेलं हत्यार तुमच्या ताब्यात नसतं. जो आधी हात घालेल त्याच्या ताब्यात असतं.

## ४. खरेदी : नंबर आणि काडतूस

सामान्य परवान्यावर हँडगन मिळते ती बहुतेक पॉइंट बत्तीस बोअरची. नऊ मिलिमीटर आणि पॉइंट अडतीस हे प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. कुणी "करून देतो" म्हणालं तर तिथून उठा.

काउंटरवर तीन नंबर शेजारी शेजारी ठेवा : हत्यारावर कोरलेला, बिलावरचा आणि परवान्यातल्या नोंदीतला. एकेक आकडा मोठ्याने वाचा. ३ चा ८ झाला तर पुढच्या प्रत्येक तपासणीला तुम्हीच उत्तर देत बसाल. खरेदीनंतर ठरलेल्या मुदतीत हत्यार दाखवून नोंद करून घ्यायची असते, ती पुढे ढकलू नका.

आता काडतूस. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की थोडं सविस्तर सांगतो. "पॉइंट बत्तीस" या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात. रिव्हॉल्वरचं काडतूस लांब असतं, साधारण साडेबत्तीस मिलिमीटर, आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड असते. पिस्तुलाचं काडतूस आखूड, सुमारे पंचवीस मिलिमीटर, आणि त्याची कड जेमतेम जाणवते. दोन्ही तळहातावर शेजारी घ्या, फरक डोळ्यांना दिसतो, नखालाही लागतो. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्वरच्या भोकात घसरून बसतं, म्हणून "चालतं की" असं सांगणारे भेटतील. बसतं म्हणून ते चालतं असं नाही. त्या रिव्हॉल्वरची रचना त्या काडतुसाच्या दाबासाठी केलेली नसते. बुडावर इंग्रजीत केएफ ही अक्षरं दिसली तर काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं आहे एवढंच कळतं. ते तुमच्या हत्याराचं आहे की नाही, ते माप आणि डब्यावरचं पूर्ण नाव वाचूनच ठरवा.

तपासा : दुकानातून निघण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर हत्यार रिकामं करून दाखवायला सांगा, मग तेच तुम्ही त्यांच्यासमोर करा. लाज वाटू देऊ नका.

## ५. रिकामं करण्याचा क्रम

हत्यार हातात आलं की दर वेळी हे करायचं. आताच कुणी तपासून दिलं असेल तरी, पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच ठेवलं असेल तरी.

त्याआधी घरात एक जागा ठरवा. लोखंडी बादली कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि जमिनीवर भिंतीशी ठेवा. भरणं, रिकामं करणं, तपासणं, सगळं नळी या बादलीकडे ठेवूनच. फ्लॅटची भिंत म्हणजे बहुतेक चार इंची वीट आणि पलीकडे शेजाऱ्यांचा पलंग, हे डोक्यात असू द्या.

पिस्तूल असेल तर :

१. नळी वाळूकडे. बोट चापावर नाही, चापाच्या कडीतही नाही. बोट सरळ, बाजूच्या पत्र्याला टेकलेलं.

२. आधी मॅगझीन काढा आणि हातातून बाजूला ठेवा.

३. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा. चेंबरमधला राऊंड बाहेर उडेल. तो झेलायला जाऊ नका, पडू द्या. झेलण्याच्या नादात नळी फिरते.

४. स्लाइड मागे अडकवा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. अंधारात, घाईत डोळे फसतात, करंगळी फसत नाही.

५. नजर दुसरीकडे न्या, एक श्वास घ्या, पुन्हा बघा. मन "रिकामं असणारच" म्हणत असतं, त्याला दुसऱ्यांदा बघायला लावायचं आहे.

दोन आणि तीन यांची अदलाबदल हीच सगळ्यात घातक चूक. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर पहिला राऊंड बाहेर पडतो खरा, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधला दुसरा आत ढकलते. माणसाने एक काडतूस बाहेर पडताना पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याची खात्री पटलेली असते. रेंजवरच्या त्या गृहस्थांनी मॅगझीन काढलं होतं, पण स्लाइड ओढलीच नव्हती. दोन्ही चुकांचा शेवट एकच : भरलेलं चेंबर आणि निर्धास्त माणूस.

रिव्हॉल्वर असेल तर :

आपल्याकडचं कानपूरचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडतं. घोड्याजवळची, म्हणजे हॅमरजवळची, खिट्टी दाबली की नळी पुढे खाली झुकते. नेमकं इथेच चुकतं : झुकणारी नळी सरळ आपल्या मांडीकडे किंवा पायाकडे येते. म्हणून बादलीसमोर उभं राहून, हात शरीरापासून लांब ठेवून उघडा. एका दमात पूर्ण उघडा. हळूहळू उघडलं तर वर आलेली काडतुसं पुन्हा खाली घसरतात किंवा एखादं काडतुसं वर ढकलणाऱ्या चकतीखाली अडकतं. सगळी बाहेर आली की मोजा, सहा (पाचच भरली असतील तर पाच). मग सहाही भोकांतून पलीकडचा उजेड दिसतो का बघा. बाजूला उघडणारं रिव्हॉल्वर असेल तर खिट्टी वेगळी, पण मोजणं आणि उजेड बघणं तेच.

घरात घोडा मागे ओढायचाच नाही. ओढलेला घोडा अंगठ्याने हळूच पुढे सोडणं हे सरावाचं काम आहे आणि घामट अंगठा सटकला की गोळी सुटते.

सावध : हातून हत्यार सुटलं तर पडू द्या. हवेत पकडायला गेलेली बोटं नेमकी चापात शिरतात.

## ६. रोजचं काढणं आणि ठेवणं

दिवसभर कमरेला लावणारे व्यापारी, पेट्रोलपंपवाले, सराफ यांच्यासाठी हे विशेष. सकाळी घाईत आणि रात्री दमून आल्यावर हात ढिले पडतात. रात्री घरात शिरलात की जेवायच्या आधी, फोन बाजूला ठेवून, बादलीसमोर पाचव्या भागातला रिकामं करण्याचा क्रम करा आणि हत्यार व काडतुसं आपापल्या कुलपात टाका. मगच हात-पाय धुवा. दोन पेग घेतले असतील तर त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणजे ज्या रात्री पिणार त्या सकाळी ते बाहेर काढायचंच नाही.

होल्स्टर असं घ्या की चाप पूर्ण झाकला जाईल. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर किंवा नाडीत खोचून हत्यार ठेवू नका. होल्स्टरमध्ये घालताना शर्टाचं टोक चापात अडकतं, म्हणून सावकाश, बघून घाला. हत्यार पटकन बाहेर काढायची कसरत लोक करतात, पण आत घालायला घाई कधीच नसते.

जुनं रिव्हॉल्वर असेल तर घोड्याखालचं भोक रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरा. जुन्या रचनेत घोड्यावर धक्का बसला की गोळी सुटू शकते.

## ७. रेंजवर जा, आणि पुन्हा जा

परवाना घेतल्यापासून एकही गोळी न झाडलेली माणसं मला नेहमी भेटतात. त्यांना आपल्या हत्याराचा आवाज, धक्का, चापाचा जडपणा काहीच माहीत नसतं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे, अनेक जिल्ह्यांत रायफल क्लब आहेत. स्वतःचं हत्यार तिथे चालतं का हे आधी फोन करून विचारा. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा. तुमचं शेत कितीही मोठं असो, बांधावर सराव करू नका.

दोन प्रसंगांची तयारी तिथेच करा. चाप ओढला आणि फक्त "टिक" झालं, तर नळी निशाणाकडेच धरून मनात तीस आकडे मोजा. काडतूस उशिरा पेटू शकतं. आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी "फुस्स" आलं, तर लगेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. हत्यार रिकामं करा आणि प्रशिक्षकाला हाक मारा.

## ८. साफसफाई, पावसाळा आणि दसरा

साफ करण्याआधी पाचव्या भागातला पूर्ण क्रम, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळीतून ब्रश, मग कोरडी चिंधी, मग तेलाचा अगदी पातळ हात. तेल बंदुकीचंच वापरा. खोबरेल तेल थंडीत गोठतं, चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज सोडवायचा फवारा काडतुसांवर कधीही मारू नका, तो बुडाच्या टोपीत झिरपून काडतूस निकामी करू शकतो.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पुसायला हवं. लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि महिन्याभरात पोलादावर लालसर ठिपके उठतात.

दसऱ्याला शस्त्रपूजन आपल्या घरांतून होतं आणि व्हायलाच हवं. फक्त पाटावर मांडण्याआधी हत्यार रिकामं करा, स्लाइड किंवा सिलिंडर उघडं ठेवूनच मांडा, म्हणजे आत काही नाही हे सगळ्यांना दिसतं. काडतुसं पूजेला नकोत. हळद-कुंकू पाटाला वाहा, नळीवर नको, कारण ओली हळद फटीत शिरते. आरती झाली की पुसून लगेच कुलपात. सोनं वाटायला पाहुणे येतात तेव्हा पाटावर फक्त झेंडू दिसावा. मुलांच्या हातात देऊन फोटो काढू नका, कुणाच्याच स्टेटसला टाकू नका.

## ९. घराबाहेर नेताना

परवान्याची हद्द इथे आडवी येते. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर सावंतवाडीहून गोव्याला निघालेला माणूस पत्रादेवीला हद्द ओलांडतो त्या क्षणी अडचणीत येतो. कोल्हापूरहून निपाणी-बेळगावला जाणाऱ्याचंही तेच. मूळ परवाना बरोबर ठेवा.

जत्रा, पालखी, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे हत्यार नेणं परवान्याच्या अटींतच वर्ज्य आहे. वरातीत हवेत गोळीबार केला तर शस्त्र कायद्याच्या कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नवरदेवाच्या मामांनी कितीही आग्रह केला तरी हत्यार त्यांच्या हातात जाता कामा नये. ड्रायव्हरकडे "जरा सांभाळ" म्हणूनही देऊ नका.

विमानाने जाताना हत्यार आणि काडतुसं हातातल्या सामानात चालत नाहीत. कंपनीला आधी विचारा, विमानतळावर स्वतःहून जाहीर करा, आणि हत्यार घरीच रिकामं करून निघा.

## १०. निवडणूक, नूतनीकरण, हरवणं

आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना नंबर, स्थिती आणि सामान पावतीवर लिहून घ्या, मॅगझीन किती तेसुद्धा. परत घेताना तीच पावती समोर ठेवून जुळवून बघा आणि हातात आलं की पुन्हा पाचव्या भागातला क्रम.

नूतनीकरणाला मुदत संपायच्या तीन महिने आधी लागा. मुदत संपून गेली आणि हत्यार घरातच राहिलं, तर ते बाळगणं बेकायदा ठरतं. पत्ता बदलला तर कळवा. हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच तासाला जवळच्या पोलीस ठाण्यात जा. आधी घरभर शोधू, उद्या बघू, असं करू नका. यासाठी परवान्याची प्रत, बिल आणि हत्याराच्या नंबराचा फोटो हत्यारापासून वेगळ्या जागी ठेवा.

## ११. तुमच्यानंतर

हे कुणी करत नाही आणि मग घरच्यांचे हाल होतात. परवाना तुमच्याबरोबर संपतो. मुलगा, बायको, कुणालाही ते हत्यार आपोआप वारशाने बाळगता येत नाही. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, आणि वारसाला ठेवायचं असेल तर त्याने स्वतःचा परवाना मागायचा.

तेव्हा परवान्याच्या फाइलमध्ये एक कागद लावा. त्यावर लिहा : हत्यार कुठे आहे, काडतुसं कुठे, किती, कोणत्या पोलीस ठाण्याला कळवायचं, कोणत्या विक्रेत्याला फोन करायचा. खाली मोठ्या अक्षरांत : "स्वतः उघडून बघू नका, लॉकर बंद असतानाच पोलिसांना बोलवा." तारीख घाला, सही करा, आणि काडतुसांचा आकडा बदलला की कागद बदला. फाइल कुठे आहे एवढं बायकोला किंवा नवऱ्याला आज रात्रीच सांगा.